उद्योगनगरी आणि तिच्या नद्या

आपल्या परिसरातील बहुतेक घरांतून सकाळी एक तरी माणूस पाळीवर जातो. त्यामुळे पिंपरी-चिंचवडचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर प्रथम कारखाना येतो, मग रस्ता, मग सदनिका. नदी फार उशिरा येते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून पाहण्याचा विचार आहे. शहर टिकाऊ आहे की नाही, याची कसोटी त्याच्या उत्पन्नावरून लागते त्यापेक्षा त्याच्या पाण्यावरून अधिक लागते, असे मला वाटते.

इतिहास थोडक्यात सांगतो. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि पेनिसिलीन येथे तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानांवर उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका अशा पायऱ्या पडत गेल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखाना आधी आला, नगरपालिका मागाहून आली. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत हा प्राधिकरणाचा हेतू स्तुत्यच होता. परंतु घरांची गरज भूखंडवाटपाहून कितीतरी वेगाने वाढत होती. ज्यांना भूखंड मिळाला नाही त्यांनी गुंठा-दोन गुंठे विकत घेऊन घर बांधले. अशा घराला आपण ‘अनधिकृत’ म्हणतो खरे. पण त्यात राहणारा माणूस सकाळी अधिकृत कारखान्यातच कामाला जात असतो!

१९७१ मध्ये लाखाच्याही आत लोकवस्ती असलेले हे गाव २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर गेले. १९९७ मध्ये सभोवतालची गावे महापालिकेत आली, हेही या वाढीचे एक कारण होय. आता एक साधा हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्याच्या आपल्या देशातील मानकाप्रमाणे माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे २०११ च्याच लोकसंख्येला रोज सुमारे २३ कोटी ३० लाख लिटर पाणी हवे. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के मैलापाणी होऊन परत येते असे धरतात. ते झाले सुमारे १८ कोटी ६० लाख लिटर. यात कारखान्यांचे पाणी धरलेले नाही, आणि २०११ नंतरची वाढही धरलेली नाही. ते पाणी येते कोठून आणि जाते कोठे, हाच खरा प्रश्न आहे.

येते ते मुख्यतः पवनेतून. मावळातील पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून ते उपसून निगडीस शुद्ध केले जाते. वाटेत शेतकरी त्याच पात्रातून शेतीला पाणी घेतात. हे पाणी थेट धरणापासून बंद जलवाहिनीने आणावे, म्हणजे गळती व प्रदूषण टळेल, अशी योजना २००८ च्या सुमारास हाती घेण्यात आली. शहराच्या बाजूने पाहिल्यास युक्तिवाद बिनतोड होता. मावळच्या बाजूने मात्र चित्र निराळे होते. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतील अनेकांचे पुनर्वसन दशके लोटली तरी रखडले होते, आणि आता नदीचे पाणीही नळीत जाणार होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर बऊर येथे शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यांत एक स्त्री होती. योजना अनेक वर्षे स्थगित राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. पुढे २०२३ मध्ये योजनेवरील स्थगिती उठविण्यात आली.

या प्रसंगाकडे केवळ ‘विकासाला विरोध’ म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. नळ सोडून ठेवणारा शहरवासी आणि पंपाने पाणी उपसणारा मावळकर हे एकाच नदीचे वाटेकरी आहेत; पण एकत्र बसून वाटणी ठरविण्याची जागा त्यांना कोणी दिली नाही.

आता पाणी जाते कोठे ते पाहू. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपासून खाली पवना दापोडीकडे येते, तोवर कित्येकदा पाणी दिसतच नाही, दिसते ती हिरवीगार जलपर्णी. परगावचा पाहुणा तिला शेत समजला तर त्याचा दोष नाही. इंद्रायणीवर आळंदीस फेस तरंगतो, याच्या बातम्या अलीकडे वरचेवर येतात. पात्रालगतच्या जमिनींचीही तीच गत झाली. चिखलीस इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले न्यायालयीन लढाईनंतर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. पूररेषा नकाशावर असते, विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसते.

लंडनचेही असेच झाले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली की संसदेचे काम चालणे अवघड झाले. तेव्हा कोठे मैलापाण्याच्या मोठ्या गटारांना मंजुरी मिळाली. दुर्गंधी राज्यकर्त्यांच्या खिडकीशी आली हे त्या नदीचे भाग्यच म्हणायचे.

१९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि जागतिक भांडवल चाकणकडे वळले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला. मर्सिडीज-बेंझही पिंपरीहून तेथेच गेली. जकातीच्या बळावर आशियातील श्रीमंत पालिका म्हणून मिरविणाऱ्या पिंपरी-चिंचवडची जकात २०१३ मध्ये बंद झाली. त्याआधीच, २००७ मध्ये, बजाजने आकुर्डीतील वाहनांचे उत्पादन थांबविले होते. उत्तराखंडातील करसवलती व इतरत्रचे नवे कारखाने अधिक फायद्याचे ठरले. जागतिकीकरणाचा अर्थ आपल्या परिसरापुरता येथे समजतो. यंत्रे आकुर्डीतून हलविता येतात. त्या कारखान्याभोवती वसलेली वस्ती, तिचे नळ आणि तिची गटारे हलविता येत नाहीत.

चाकणचे वैशिष्ट्य असे की तेथे पिंपरीइतकीही तयारी नव्हती. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध लढविलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा मोठा बाजार ही त्या गावाची जुनी ओळख. जगातील नामांकित मोटारी तेथे तयार होऊ लागल्या तेव्हा गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता. नगरपरिषद २०१५ मध्ये झाली. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे ही कामगारांच्या खोल्यांनी गजबजलेली गावे त्यानंतरही ग्रामपंचायतींच्या हाती राहिली. ग्रामपंचायत खोलीवर घरपट्टी लावू शकते. हजारो माणसांच्या मैलापाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र उभारण्याची ऐपत तिच्याकडे कोठून असणार? कांद्याच्या गाड्या आणि मोटारींचे सुटे भाग नेणारे कंटेनर नाशिक रस्त्यावर एकाच रांगेत अडकतात, ही त्याच अपुऱ्या तयारीची दुसरी बाजू.

उपाय नाहीत असे नव्हे. प्रक्रिया केलेले मैलापाणी कारखान्यांची शीतकरण यंत्रे, बागा व बांधकामे यांना देता येते, म्हणजे तेवढा धरणावरचा भार हलका होतो. पण ते कोणी कोणाला द्यावयाचे, हे ठरविताना नदीच्या दोन्ही तीरांचा विचार एकत्र करावा लागतो. आणि इंद्रायणीचे पाहा. दक्षिण तीरावर चिखली, मोशी हा महापालिकेचा मुलूख. समोर उत्तर तीरावर निघोजे, चिंबळी. तेथे ग्रामपंचायती आणि २०१५ मध्ये स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. थोडे खाली आळंदीची नगरपरिषद. आपापल्या हद्दीचा हिशेब प्रत्येकजण स्वतंत्रपणे देतो. आषाढीच्या प्रस्थानाला आलेला वारकरी मात्र या साऱ्या हद्दींचे पाणी एकाच ओंजळीत घेतो.