पत्रे फेकून देऊ नकोस

सॅन डिएगो

चि. भाचेबुवांस,


तुझे फोटो पाहिले. बग्गीसाठी घेतलेलं फोक्सवॅगनचं सोळाशेचं इंजिन पूर्ण उघडून टेबलावर मांडलंयस, नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नावं लिहिलीस, हे झकास. पण टेबलाखाली काळ्या, पोचे आलेल्या पत्र्यांचा ढीग दिसतोय आणि त्याच्याबद्दल तू लिहिलंयस, ‘हे सगळं भंगारात.’ तेवढ्यासाठी हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो मामा’ म्हणून मोकळा झाला असतास.

तुझ्या मित्रांचं म्हणणं असं की बग्गी उघडी, इंजिन मागे उघड्यावर, वारा लागतोच. मग पत्रे कशाला? बाहेरून मोठा ऑइल कूलर लावला की काम झालं. आता तू आबांचा चेतक आठव. त्याचं इंजिन एका कुशीत, झाकणाखाली. वारा लागायची सोयच नाही, म्हणून फ्लायव्हीलवर पंखा आणि सिलिंडरवर काऊल. ते काऊल न लावता स्कूटर फिरवली तर थोड्याच वेळात पिस्टन धरतो, हे पुण्यातला कुठलाही मिस्त्री सांगेल. शेजारच्या काकांच्या बुलेटला मात्र पंखा नाही, काऊल नाही. तिचं सिलिंडर समोरून वारा खातं आणि तिच्या फिना त्याच हिशेबाने केलेल्या असतात. फोक्सवॅगनचं हे इंजिन चेतकच्या जातीचं आहे. उघड्यावर ठेवलं म्हणून ते बुलेट होत नाही. त्याच्या फिना एकमेकींना खेटून असतात. नुसत्या वाऱ्याची झुळूक त्यांच्या आत शिरत नाही, दाबाने ढकललेली हवाच लागते. शिवाय वाळूत बग्गी धावते किती? इंजिन जीव तोडून फिरत असतं आणि गाडी सायकलच्या वेगाने चढत असते. अशा वेळी पंखा हाच काय तो वारा.

इंजिनात खोट आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. याच घराण्यातलं इंजिन क्यूबेलवागेन या लष्करी गाडीत बसून दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात फिरलं. ब्रूस मेयर्सने 1964 साली न्यूपोर्ट बीचला फायबरग्लासची पहिली मँक्स बग्गी बनवली, ती तुझ्या बग्गीची आजी. 1967च्या पहिल्या मेक्सिकन 1000 शर्यतीत टिहुआनाहून ला पाझपर्यंत 27 तास 38 मिनिटांत पहिली पोचली ती मँक्सच, मागे हेच हवेवर थंड होणारं इंजिन घेऊन. तेव्हा यंत्र भरवशाचं आहे. ते तापतं ते बहुतेक वेळा बांधणाऱ्याच्या हातून, आणि तेही टेबलावरच ठरून जातं. मागाहून लावलेला मोठा कूलर फक्त तेल थंड करतो. हेड थंड करायचं काम त्याच्याच्याने होत नाही, आणि या इंजिनात जळतं ते आधी हेडच.

म्हणून हेडपासून सुरू कर. हेड हातात घेऊन दिव्यासमोर धर आणि फिनांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो का बघ. एक्झॉस्टच्या बाजूला आणि दोन चेंबरांच्या मधल्या जागेत बऱ्याच फटी बुजलेल्या दिसतील. ओतकामात साच्याच्या सांध्यातून झिरपलेल्या ॲल्युमिनियमचा तो पापुद्रा असतो. कारखान्यात तो काढत बसायला कुणाला वेळ नसतो, आणि स्वस्तातल्या नव्या हेडांमध्ये तर तो जास्तच. हॅक्सॉचं पातं अर्ध्यावर कापडात गुंडाळून हातात धर, एक लांब बारीक कानस घे, आणि एकेक फट मोकळी कर. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बस. फक्त फटीच्या तळाशी चेंबरच्या भिंतीला चर पाडू नकोस आणि फिना उगाच पातळ करू नकोस. उजेड आला की थांब. सिलिंडरांच्या फिनांतही असाच कचरा असतो, तोही बघ. सिलिंडर गंजू नयेत म्हणून रंग द्यायचा असेल तर काळ्या रंगाचा एकच पातळ हात दे. जाड पावडर कोटिंग म्हणजे उष्णतेच्या अंगावर गोधडी.

आता त्या ढिगातले दोन छोटे पत्रे शोध. तळहाताएवढे, कडेला वळवलेले, दिसायला अगदी फालतू. प्रत्येक बाजूच्या दोन सिलिंडरांच्या मधल्या फटीखाली एकेक बसतो. पंख्याची हवा वरून खाली येते. हे पत्रे नसतील तर ती दोन सिलिंडरांच्या मधून सरळ जमिनीकडे निघून जाते आणि सिलिंडरांची खालची अर्धी अंगं कोरडी राहतात. पत्रा असला की हवेला वळसा घालून फिनांतूनच जावं लागतं. आणि यातली खरी मेख बसवण्याच्या क्रमात आहे. सिलिंडर चढवले की लगेच, पुशरॉडच्या नळ्या आणि हेड बसवण्याआधी, हे पत्रे लावायचे. हेड टॉर्क करून झाल्यावर ते टेबलावर उरलेले दिसले तर दोनच मार्ग राहतात: हेड पुन्हा उतरवा, किंवा ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणा. माणसं दुसरा मार्ग धरतात, आणि मग वर्षभर कार्बोरेटरला शिव्या देतात.

बाकीचे पत्रेही एकूण एक लागणार. वरचे, सिलिंडरांना झाकणारे, खालचे, पुशरॉडच्या नळ्यांखालून जाणारे, पुलीजवळचा, आणि फ्लायव्हीलच्या बाजूचा आडवा. बीटलमध्ये इंजिनाची खोली असते. कडेने रबरी पट्टी फिरते, वर थंड हवा आणि खाली तापलेली, असा कडक सोवळ्याचा कारभार. बग्गीत ती खोलीच नाही, त्यामुळे खालून निघालेली गरम हवा वर येऊन पंख्यात परत शिरायला मोकळी. म्हणून बग्गीला पत्रे कमी लागत नाहीत, उलट ते जास्त नेमके बसावे लागतात. पोचे ठोकून काढ, पंख्याच्या घराची खालची कड त्यांच्यावर नीट टेकते का हे रंग देण्याआधी एकदा कोरडंच बसवून बघ. बोट जाईल एवढी फट कुठेही राहता कामा नये. प्लगच्या वायरींवर जी रबरी टोपणं असतात ती शोभेची नाहीत, प्लगसाठी पत्र्याला पाडलेली भोकं तीच बुजवतात. आणि तू हीटर काढून नळ्यांचा एक्झॉस्ट लावतोयस, तेव्हा पंख्याच्या घराला हीटरसाठी असलेली दोन तोंडं पक्की बंद कर. उघडी ठेवलीस तर हेडच्या वाट्याची हवा रस्त्यावर सांडेल.

क्रोमचा सेट घेण्याचं मनात आहे असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. चकचकीत दिसतो, मान्य. पण ते पत्रे धड बसत नाहीत, आणि काळा पत्रा जशी उष्णता टाकतो तशी क्रोम टाकत नाही. पंख्याचं क्रोमचं घर तर आतून बऱ्याचदा नुसतं रिकामं डबडं असतं. हवा डावी-उजवीकडे वाटणाऱ्या आतल्या पट्ट्याच त्यात नसतात. तुझं जुनं घर 1971पासूनच्या पद्धतीचं दिसतंय, वेगळी खोली काढून ऑइल कूलर तिच्यात ठेवलेलं. हे भाग्य समज. त्याआधी कूलर पंख्याच्या घरातच उभा असायचा आणि त्यातून तापून आलेली हवा तीन नंबरच्या सिलिंडरवर पडायची. डावीकडचा पुढचा तो तीन नंबर. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटल्याच्या कहाण्या जुन्या मिस्त्र्यांकडे ढीगभर. कूलरमधून निघालेली गरम हवा खाली नेऊन सोडणारे लहान पत्रेही याच घराचे. तेही ढिगात असतील, शोध.

थर्मोस्टॅट आणि घरातल्या झडपा काढून टाकायला तुला सांगितलंय. काढू नकोस. थर्मोस्टॅट उजव्या सिलिंडरांखाली बसतो, 65 ते 70 अंशांना फुलतो आणि बारीक सळईने झडपा उघडतो. फुटला तर फुललेलाच राहतो, म्हणजे झडपा उघड्या राहतात. बनवणाऱ्याने घाबरटाचाही विचार केलेला आहे. झडपा असल्या की इंजिन लवकर गरम होतं आणि थंड तेलावर घासत बसत नाही. तुझ्या टूसॉनमध्ये जानेवारीच्या पहाटे गाडी काढशील तेव्हा पटेल.

छोटी पुली लावू नकोस. ‘पॉवर पुली’ म्हणून विकतात; तिच्यामुळे पंखा हळू फिरतो, म्हणून इंजिनाची चिमूटभर ताकद वाचते. ती चिमूट हवेतूनच कापलेली असते. पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघायचा, साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. ताण कमी-जास्त करायला पुलीच्या दोन भागांमध्ये चकत्या घालतात. उरलेल्या चकत्या नटाखालीच ठेव, म्हणजे हरवत नाहीत.

तेलाच्या वाटेबद्दल थोडक्यात. प्रेशर रिलीफचं पिस्टन बोटाने ढकललं तर आपल्या वजनाने खाली यायला हवं. अडकून उघडं राहिलं तर तेल कूलरला वळसा घालून निघून जातं आणि तू कूलरवर कूलर लावत बसतोस. जुन्या इंजिनातलं बेअरिंग गेलेलं होतं, तेव्हा जुना कूलरही वापरू नकोस. त्याच्या पोटातला धातूचा कीस कितीही धुतलास तरी पूर्ण निघत नाही.

टायमिंगला दिवा वापर, कानावर जाऊ नकोस. या इंजिनात पंख्याचा आवाजच एवढा की नॉकिंग ऐकू येतच नाही. 3000च्या वर फेरे नेऊन पूर्ण ॲडव्हान्स 28 ते 32 अंशांत राहतो का बघ. मागे राहिलं तर एक्झॉस्ट तापतो, पुढे गेलं तर पिस्टनला भोक पडतं. मिश्रण पातळ झालं तरी हेडच तापतं. तुझ्या दोन पोर्टच्या हेडांना मॅनिफोल्ड रबरी बुटांनी जोडलेला असतो. ते चिरलेले असतील तर एका बाजूचे दोन सिलिंडर जादा हवा ओढतात आणि कार्बोरेटर कितीही नीट केलास तरी ते पातळच चालतात. बूट नवे घे, किंमत फार नाही.

टॅपेट थंड इंजिनावर 0.15 मिलिमीटर. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरव, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग सुरू झालं की आयडलवर गुरगुरत ठेवू नकोस. कॅम नवीन आहे, त्याला तेल उडून मिळतं. 2000च्या वर वीसेक मिनिटं चालू दे. आणि हे सगळं पूर्ण पत्र्यांसह, पंखा-पट्ट्यासह. ‘नुसतं सुरू होतंय का बघू’ म्हणून उघडं इंजिन स्टँडवर चालवणारे पुष्कळ असतात. नव्या रिंगांचं आधीच घर्षण जास्त, त्यात हवा नाही. आयुष्याची सुरुवातच होरपळून होते. मग तेल काढ, अडीच लिटरच असतं, आणि इंजिन थंड झाल्यावर टॅपेट परत बघ.

मीटर लावणार असशील तर तेलाच्या तापमानाचं लाव. 115 अंशांच्या पुढे काटा टिकायला लागला की उतरून कारण शोध. वाळूत चढताना वरच्या गिअरमध्ये रेटू नकोस. खालच्या गिअरमध्ये फेरे जास्त, म्हणजे पंख्याचेही जास्त आणि पिस्टनवर ओझं कमी. आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात आणि वरचा गिअर टाकून नेमकं उलट करतात. आणि चार्जिंगचा लाल दिवा धावताना लागला तर बॅटरीची काळजी नंतर कर. आधी तिथल्या तिथे इंजिन बंद कर. डायनमो आणि पंखा एकाच शाफ्टवर, एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला की दोन्ही गेले. जादा पट्टा आणि तो बदलायचे पाने सीटखाली ठेव.

तुझा,
मामा

ता. क. पॅकिंगच्या सेटमध्ये कूलरचे रबरी सील दोन-तीन मापांचे येतात, कारण क्रँककेसची भोकं काही साली 8 मिलिमीटरची तर काही साली 10ची. कूलर आणि केस, दोन्हींची भोकं मोजून जोडी लाव. चुकीचा सील बसतो, घट्टही होतो, आणि तेल गळतं ते हेडवरच्या फिनांत. त्यावर वाळू बसली की वीट होते.