अलर्कविष : श्वानातील लक्षणे व वैद्याचे कर्तव्य

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातव्या अध्यायात अलर्कविषाचे वर्णन आले आहे. कफाने दूषित झालेला वायू संज्ञावह स्रोतसांत आश्रय घेतो व पशूची संज्ञा हरण करतो. त्यामुळे शेपूट, जबडा व खांदे गळून पडतात, लाळ अतिशय गळते, प्राणी आंधळा-बहिरा झाल्यासारखा इतरांच्या अंगावर धावतो, असे आचार्य सांगतात. आधुनिक शास्त्रातील रेबीजशी हे वर्णन पुष्कळ जुळते.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे चावत सुटलेला कुत्रा, हा समज अपुरा आहे. मूक प्रकारात तो अंधाऱ्या कोपऱ्यात निपचित पडून राहतो, आवाज बदलतो, जबडा लोंबतो व गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे असे वाटून मालक तोंडात हात घालतो आणि लाळेच्या संपर्कात येतो. डिस्टेंपर या रोगातही झटके व स्नायूंचे स्फुरण दिसते. बहुधा त्याआधी डोळ्यानाकातून स्राव, खोकला किंवा जुलाब झालेले असतात. तथापि केवळ दर्शनाने निश्चित भेद करता येत नाही. म्हणून अशा प्रत्येक श्वानास हात न लावता पशुवैद्यकास कळवावे.

लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस लाळेत विषाणू असू शकतो. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही निरोगी राहिला, तर त्या दंशातून रेबीजचे भय नसते. परंतु दहा दिवसांची वाट पाहत लसीकरण लांबवू नये; ते त्याच दिवशी सुरू व्हावे.

आमच्याकडे वा औषधालयात दंशाचा रुग्ण प्रथम आल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, जंतुनाशक लावावे आणि त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. त्वचा भेदून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. हळद, चुना, तिखट, तेल लावू नये. संहितेत सांगितलेला दाहही आज करू नये.

जलत्रास हे अरिष्टलक्षण होय, असे सुश्रुताचार्यांनी स्पष्ट म्हटले आहे. लक्षणे प्रकटल्यावर आजही हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. रुग्ण वाचविण्याचा काळ त्यापूर्वीचाच आहे. तो काळ लेप व काढ्यांत दवडू न देणे, हेच येथे आम्हां वैद्यांचे व औषधविक्रेत्यांचे प्रथम कर्तव्य आहे.