खिशातला चाकू : जड की कामाचा?

स्तर ४ · वाचन पाठ

वाचण्याआधी

१. तुमच्या घरात रोजच्या कापाकापीला काय वापरतात? सुरी, कात्री, विळी की आणखी काही?
२. एखादी वस्तू 'मजबूत' असली म्हणजे ती 'चांगली' असते का?
३. पुढचे शब्द तुम्हाला माहीत आहेत का? *पातं, मूठ, खटका, धार, बोथट.* नसतील तर पाठाच्या शेवटी अर्थ दिले आहेत.

भेट

गेल्या वाढदिवसाला माझ्या साडूने मला एक घडीचा चाकू दिला. "घ्या साडूबुवा, आता बॉक्स उघडायला किल्ली वापरायची नाही!" असं म्हणून त्याने डबी माझ्या हातात ठेवली. डबी जडच लागली. आतला चाकू काळा आणि जाड पात्याचा होता. पातं सव्वातीन इंच. वजन केलं तर जवळजवळ १७५ ग्रॅम, म्हणजे साधारण एका फोनइतकं!

पात्याच्या बुडाशी एक छोटी खुंटी होती. तिला अंगठ्याने जरासं ढकललं आणि खाट्‌कन आवाज होऊन पातं पूर्ण उघडलं. माझी आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. ती दचकलीच.

"अरे, हा तर रामपुरी! सिनेमातले गुंड काढतात तसला. घरात कशाला आणलास?"

"रामपुरी नाही गं आई, हा वेगळा आहे," मी म्हणालो. पण वेगळा म्हणजे नेमका कसा, ते मलाही सांगता येईना. म्हणून मी ठरवलं, महिनाभर हा चाकू वापरायचा, रोज वहीत दोन ओळी लिहायच्या आणि मग ठरवायचं, की हा रोजच्या कामाचा आहे की नाही.

उघडायच्या तीन तऱ्हा

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. घडीचे चाकू उघडायच्या मुख्य तऱ्हा तीन.

पहिली तऱ्हा साधी. सगळं काम हाताचं. स्विस आर्मी चाकूच्या पात्यावर नखाने धरायला खाच असते, तिथे धरून पातं ओढायचं.

दुसरी तऱ्हा खटक्याची. पातं आत असतं, पण स्प्रिंग त्याला सतत बाहेर ढकलत असते. फक्त एका खटक्याने ते अडवून धरलेलं असतं. मुठीवरचं बटण दाबलं, की पातं सुटलंच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा जो चाकू सिनेमात दिसतो तो असा बटणाचा. अमेरिकेत याला स्विचब्लेड म्हणतात.

तिसरी तऱ्हा म्हणजे असिस्टेड ओपनिंग. सुरुवात आपण करायची, शेवट स्प्रिंग करते. इथे गंमत अशी, की चाकू मिटलेला असताना स्प्रिंग पात्याला आतच धरून ठेवते. अंगठ्याने थोडं ढकललं, एक ठरावीक टप्पा ओलांडला, की तीच स्प्रिंग उलट पात्याला बाहेर ढकलते. हवाईत राहणारे चाकू-कारागीर केन ओनियन यांनी १९९०च्या दशकात अशी एक रचना केली. ऑरेगनमधल्या केर्शॉ कंपनीने ती 'स्पीडसेफ' नावाने आपल्या चाकूंत बसवली आणि मग ही तऱ्हा घरोघरी पोचली.

हा फरक कायद्यालाही महत्त्वाचा वाटतो. १९५८ साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने स्विचब्लेडच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या व्यापारावर बंदी आणली. २००९ साली कस्टम्स खात्याने असिस्टेड चाकूंनाही त्याच माळेत ओवायचं मनात आणलं. बरीच ओरड झाली. त्याच वर्षी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली : जो चाकू मिटून राहण्याकडे झुकलेला आहे आणि हाताने जोर लावल्याशिवाय उघडत नाही, त्याला ही बंदी लागू नाही.

"म्हणजे रामपुरी नाही," मी आईला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, "पण कापतो कसा ते सांग."

महिन्याची वही

*पुठ्ठा आणि पट्ट्या.* इथे चाकू पहिला आला. जाड पुठ्ठ्याचे मोठे बॉक्स, प्लास्टिकच्या पट्ट्या, बागेतली दोरी, सगळं झटपट कापलं. हातमोजे घातले होते तरी चाकू एका हाताने उघडता आला. दुसऱ्या हातात फळी धरलेली असते तेव्हा ही सोय खरंच मोठी.

*तांदळाचं पोतं.* इंडियन ग्रोसरीतून वीस पौंडांचं पोतं आणलं होतं. मी चाकू काढेपर्यंत आईने शिवणीचा बरोबर तोच दोरा शोधला आणि सर्रकन ओढला. पोतं उघडलं! वहीत लिहिलं : 'चाकू लागलाच नाही.'

*सफरचंद.* इथे चाकू साफ नापास. स्वयंपाकघरातली सुरी पातळ असते, ती फळातून सरळ जाते. जड कामाच्या चाकूचं पातं जाड. ते पाचरीसारखं आत घुसतं. फोड कापली जात नाही, तडकते. आई हसून म्हणाली, "काम बोटभर, चाकू हातभर!"

*लॉक.* चाकू उघडल्यावर पातं आपोआप मिटू नये म्हणून आत लॉक असतं. माझ्या चाकूत मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या मागे बसायची. तपासायचं कसं? पात्याची बोथट बाजू लाकडावर टेकवायची आणि बेताने दाबायचं. बोटं पात्याच्या वाटेत ठेवायची नाहीत. पातं हललं, तर तो चाकू वापरायचा नाही. माझा जागचा हलला नाही. पण लॉक कितीही पक्कं असलं तरी चाकू म्हणजे पहार नव्हे. डबे उचकटायला, स्क्रू फिरवायला तो वापरला, तर पात्याचं टोक मोडतं.

*मिटणं.* दुकानात सगळे चाकू उघडून बघतात, मिटून कोणी बघत नाही. उघडताना मदत करणारी स्प्रिंग मिटताना विरोध करते. लॉकची पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची, त्याच वेळी स्प्रिंगच्या विरुद्ध पातं आत ढकलायचं, आणि अंगठा वेळेवर काढून घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात अंगठ्याला चीर गेली. त्यानंतर मी दोन हातांनीच, सावकाश मिटायला लागलो.

*धार.* पात्यावर स्टीलचं नाव कोरलेलं होतं, एस३०व्ही. हे अमेरिकेतल्या क्रुसिबल कंपनीचं २००१ सालचं स्टील. त्यात सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं, म्हणून धार खूप दिवस टिकते. पण एकदा गेली, की साध्या दगडावर परत आणताना घाम निघतो, डायमंडची पट्टी लागते. आईची भाजीची सुरी नरम स्टीलची. तिची धार लवकर जाते, पण चिनी मातीच्या कपाच्या बुडावर दोन मिनिटं घासली, की परत आली. दोन्हींत खोट नाही. आपल्याला कोणता त्रास परवडतो, ते बघायचं.

*खिसा.* पाऊणशे-शंभर ग्रॅमपर्यंत वस्तू खिशात आहे हे आपण विसरतो. १७५ ग्रॅम विसरता येत नाहीत. पँट एका बाजूने खाली ओढली जाते. बसलं की टोचतं. तरी महिनाअखेर मला सवय झाली. इतकी, की खिशात चाकू आहे हेच मी विसरलो. आणि तिथेच चुकलो.

शाळेच्या दारात

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. माझी मुलगी रविवारी मराठी शाळेत जाते. ती शाळा एका सार्वजनिक शाळेच्या इमारतीत, भाड्याच्या वर्गांत भरते. त्या रविवारी सकाळी मी गॅरेज आवरत होतो. उशीर झाला म्हणून तसाच गाडीत बसलो. फाटकाच्या अलीकडे दोन पावलांवर मुलगी थांबली.

"बाबा, तुझ्या खिशाला ते काय लटकतंय?"

खिशाच्या कडेला चाकूची काळी क्लिप दिसत होती. माझ्या पोटात गोळा आला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारात अडीच इंचांपेक्षा लांब पात्याचा चाकू आणता येत नाही. आणि घडीच्या चाकूचं पातं लॉक होत असेल, तर तो कितीही छोटा असला तरी चालत नाही. माझा चाकू दोन्ही नियमांत बसत होता. तो गुंडाचा नाही, साडूने प्रेमाने दिलाय, आज रविवार आहे, हे सगळं मी सांगितलं असतं. पण त्याने नियम बदलला नसता.

आम्ही तसेच मागे फिरलो, घरी गेलो, चाकू गॅरेजमध्ये ठेवला आणि परत आलो. मुलगी वर्गात अर्धा तास उशिरा पोचली. बाईंनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांचं सामान जड होतं."

निकाल

चाकू वाईट होता का? मुळीच नाही. गॅरेजमध्ये, बागेत, कॅम्पिंगला तो फार कामाचा आहे. पण 'रोजचा' चाकू म्हणजे रोज आपण *जिथे जातो* तिथला चाकू. माझा रोज म्हणजे ऑफिस, शाळा, लायब्ररी, अधूनमधून विमानतळ. विमानात चाकू सोबत नेता येत नाही, फक्त चेक-इन सामानात, पातं नीट झाकून ठेवता येतो. प्रत्येक राज्याचे, कधीकधी शहरांचेही नियम वेगळे. माझ्या रोजच्या रस्त्यावर या चाकूला जागाच नव्हती.

आता तो हत्यारांच्या पेटीत असतो. किल्ल्यांच्या जुडग्यात ५८ मिलिमीटरचा, जेमतेम २१ ग्रॅमचा, लॉक नसलेला छोटा स्विस चाकू आहे. शाळेत जाताना तोही काढून ठेवतो.

आई परत जाताना मी तिला हा सगळा हिशेब वाचून दाखवला. ती म्हणाली, "एवढं लिहायला कशाला हवं होतं? सोन्याची सुरी झाली म्हणून उरी मारून घ्यायची नसते."

शब्दार्थ

*साडू* – बायकोच्या बहिणीचा नवरा
*घडीचा* – दुमडून मिटता येणारा
*पातं* – चाकूचा कापणारा भाग
*मूठ* – हातात धरायचा भाग
*खटका* – दाबल्यावर काहीतरी सोडणारी कळ
*बोथट* – धार नसलेला
*पाचर* – फटीत ठोकायचा निमुळता तुकडा
*पहार* – उचकटायला, खणायला वापरतात ती जड लोखंडी कांब
*एकाच माळेत ओवणे* – वेगळ्या गोष्टींना सारखंच मानणे
*पोटात गोळा येणे* – एकदम भीती वाटणे

भाषेकडे पाहू : 'कापणे' एकच नाही

इंग्रजीत बऱ्याच कामांना एकच क्रियापद चालतं. मराठीत वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं. भाजी *चिरतात*, फळ *कापतात*, साल *सोलतात*, सुपारी *कातरतात*, फांदी *छाटतात*, पेन्सिल *तासतात*, लाकूड *फोडतात*, ऊस *तोडतात*.

योग्य क्रियापद लिहा :
१. आईने कांदा बारीक ______.
२. बाबांनी गुलाबाच्या वाळक्या फांद्या ______.
३. आजोबांनी अडकित्त्याने सुपारी ______.
४. मी संत्रं ______ आणि ताईला दिलं.

प्रश्न

१. रामपुरी चाकू आणि लेखकाचा चाकू यांतल्या स्प्रिंगच्या कामात काय फरक आहे? तीन वाक्यांत लिहा.
२. 'काम बोटभर, चाकू हातभर' असं आई कधी म्हणाली? का?
३. "बाबांचं सामान जड होतं," या मुलीच्या उत्तराचे दोन अर्थ कोणते?
४. लेखकाने शाळेच्या दारात 'आज रविवार आहे' असं सांगितलं असतं तर चाललं असतं का? तुमचं मत कारणासह लिहा.
५. आईच्या शेवटच्या म्हणीचा अर्थ घरातल्या मोठ्यांना विचारा. ती म्हण लागू पडेल असा दुसरा एक प्रसंग पाच ओळींत लिहा.

करून पाहा

तुम्ही रोज वापरता अशी एक वस्तू निवडा. दप्तर, पाण्याची बाटली, बूट, काहीही. आठवडाभर रोज दोन ओळी लिहा : आज ती कुठे उपयोगी पडली, कुठे अडली. आठव्या दिवशी 'निकाल' लिहून वर्गात वाचून दाखवा.