केळ्यांचें रसायन व त्याचा गारवा

फिलिपीन बेटांत कोंवळ्या नारळाचा मगज व फळें दाट गोड सायींत कालवून, थंडगार करून खातात. त्या पक्वान्नाचा आपल्याकडील सोयरा म्हणजे कोंकण-गोमंतकांतील केळ्यांचें रसायन. (हें नांव ऐकून विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंतील बाटल्या आठवूं नयेत!)

एक नारळ खवून, उकळून कोमट केलेल्या पाण्यांत वाटावा व स्वच्छ फडक्यांतून पिळून दाट दूध काढावें. त्यांत अर्धी वाटी किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ घालावें. हें दूध चुलीवर ठेवूं नये. उकळी आली कीं तें फुटतें. चार पिकलीं केळीं वाढतेवेळींच चिरून घालावीं, नाहींतर तीं काळीं पडतात.

बर्फ नसल्यास भांड्यास ओलें फडकें गुंडाळून तें पाण्याच्या परातींत, वाऱ्याच्या जागीं सावलींत ठेवावें. एक तोळा पाणी वाफ होऊन उडतांना इतकी उष्णता शोषून घेतें कीं, तेवढी काढून घेतल्यास सुमारें 580 तोळे पाणी एक अंश सेंटिग्रेडनें निवेल. गंमत अशी कीं, नारळ पिकतो घाटाखालीं, परंतु ही युक्ति अधिक फळते घाटावर! रत्नागिरीची हवा बाष्पानें भरलेली; तेथें फडकें सावकाश वाळतें. साताऱ्या-सांगलीच्या चैत्रांतील कोरड्या हवेंत तें लवकर वाळतें, म्हणून भांडें अधिक निवतें. मात्र फडक्याची कड पाण्यांत बुडलेली असावी.

तरीहि ही कांहीं बर्फाची पेटी नव्हे. नारळाचें दूध उन्हाळ्यांत कांहीं तासांतच आंबतें. सकाळचें रसायन दुपारच्या पंगतींतच संपवावें; आंबूस वास येऊं लागल्यास लहान मुलांस तर मुळींच देऊं नये.