ताट परत येतं तेव्हा

आईबाबांनो, सुट्टीत आश्रमशाळेतून आलेली लेक ताट तसंच सरकवते. आपल्या डहाणू-तलासरीत याची उत्तरं तयारच असतात: अंगात रक्त नाही, जंत असतील, नजर लागली. मग लोहाच्या गोळ्या आणतात, नाहीतर भगताकडे नेतात. इथे बारीक मुली इतक्या, की एखादी मुद्दाम उपाशी राहतेय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

लहानपणी कुणी नको तिथे हात लावलेला असेल, तर पुढे काही मुलींना स्वतःच्या शरीराचीच किळस येते. वयात येणारं अंग कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून एखादी जेवण तोडते. एखादी रात्री चोरून पातेलंभर भात खाते, कारण खाताना तेवढा वेळ आठवण बधिर होते, आणि मग बोटं घालून ओकते. न जेवणाऱ्या प्रत्येक मुलीमागे हेच असतं असं मात्र नाही. आधीच सांगते, नाहीतर उद्यापासून तुम्ही तिची उलटतपासणी घ्याल.

घास कोंबू नका. "तोंड उघड" म्हणत हनुवटी धरलीत, की तिच्या शरीरावर पुन्हा दुसऱ्याचीच जबरदस्ती.

अंगावरची जबरदस्ती इथे नवी नाही. तलासरीच्या झरी गावात १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध जमले. जमीनदार बायांच्या अंगावरही हक्क सांगत, हे त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवलंय. पण तो जमीनदार परका होता, त्याच्याविरुद्ध गाव उभं राहू शकलं. केंद्र सरकारच्या २००७च्या अहवालात मुलांवर अत्याचार करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले निघाले. मामा, शेजारी, सर. यांच्याविरुद्ध घर उभं राहील?

लेक अत्याचाराबद्दल बोललीच, तर "आधी का नाही सांगितलंस?" असं विचारू नका. गावात बसून, दंड घेऊन मिटवूही नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी येते, गणवेश न घालता, अगदी घरीसुद्धा. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ला फोन लावा. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा फोन नंबर आहे. दवाखान्यात मात्र "ओकते" हे स्पष्ट सांगा. सतत ओकून पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडतात.

आणि घरी तिचं ताट तिलाच वाढून घेऊ द्या. दोन घास घेतले तर दोन. तुम्ही शेजारी बसून आपलं जेवा.