घासाची बैठक



अंतर्गत सजावटीचे, म्हणजे माणसाच्या वावरासाठी जागा, उजेड आणि आसने यांची योग्य मांडणी करण्याचे शिक्षण पुरे करून माझ्या भाचीप्रमाणे जी विद्यार्थिनी गावोगावची खाद्यगृहे पाहण्यास निघते, तिने पदार्थ आणि त्याची बैठक यांचा विचार एकत्रच करावा. बैठक या शब्दात येथे भांडे, टेबल, खुर्ची, भट्टी आणि तो पदार्थ घेऊन आलेल्या माणसांचा प्रवास हे सारे येते. चव जिभेला कळते. ती तशी का झाली, याचे उत्तर मात्र पुष्कळदा या बैठकीत सापडते.

या अभ्यासाचा आरंभ घरच्या पानापासून करावा. महाराष्ट्रीय पंगतीत मीठ पानाच्या वरच्या अंगाला मध्यभागी, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डावीकडे, भाज्या उजवीकडे आणि भात जेवणाऱ्यासमोर, असा वाढण्याचा क्रम ठरलेला असतो. जेवण उजव्या हाताने होत असल्याने जे वारंवार आणि भरपूर घ्यायचे ते हाताजवळ राहते, आणि जे तोंडीलावणे, म्हणजे मुख्य घासाला चव आणण्यापुरते चाखायचे, ते थोडे आणि पलीकडे राहते. शिवाय प्रत्येक पदार्थाची जागा निश्चित असल्यामुळे पंगतीतून झपझप पुढे सरकणाऱ्या वाढप्याला कोणत्या पानावर काय संपले आहे ते न विचारता दिसते. उपयोगातून जन्मलेली आणि सवयीने सुंदर झालेली अशी मांडणी हा सजावटशास्त्राचा उत्तम धडा आहे.

पानाइतकेच भांड्याकडेही लक्ष द्यावे. तांब्यापितळेच्या भांड्यात आमसुलाची आमटी किंवा ताक ठेवले, तर आंबटाची धातूशी क्रिया होऊन पदार्थ कळकतो, म्हणजे त्याला कडवट, तुरट चव येते आणि तो खाण्यास अपायकारक ठरतो. त्यावर कल्हई हा उपाय आहे: भांडे तापवून, नवसागराने त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करून, त्यावर वितळलेल्या कथिलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने फिरवला जातो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम होते, म्हणजे हातोडीचे सारखे ठोके ओळीने दिले जातात; त्यांच्या चकाकणाऱ्या खळ्या नक्षीसारख्या दिसत असल्या, तरी त्या ठोक्यांनी धातू घट्ट आणि टणक होतो. शोभा आणि मजबुती येथे एकाच ठोक्यातून येतात, हे अभ्यासकाने स्वतः पाहून मनात साठवावे.

मात्र प्रवास, भोजन आणि रचना हे तिन्ही धागे एकाच ठिकाणी विणलेले पाहायचे असतील, तर मुंबईपुण्याच्या इराण्यांकडे पुन्हा पुन्हा जावे. इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी मुख्यतः यझ्द आणि केरमान या भागांतून आलेले, बहुतांशी जरथुस्त्री लोक. त्याच धर्माचे पारशी त्यांच्या कित्येक शतके आधी गुजरातच्या किनाऱ्यावर स्थिरावले होते. दुष्काळ, दारिद्र्य आणि धर्मामुळे होणारा जाच यांना कंटाळून निघालेल्या या माणसांनी मुंबईत चहा आणि पाव यांचा धंदा उभारला. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ सालचे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे, तर पुण्याच्या डेक्कनवरील गुडलक १९३५ सालचे आहे.

इराण्याचे दुकान बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर असते. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळत आणि म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, दोन रस्त्यांचा उजेड, वारा आणि गिऱ्हाईक अशा जागेला आपोआप लाभतात. भिंतींवरच्या आरशांमुळे लहान खोली मोठी भासते आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सारी टेबले दिसतात. संगमरवरी पृष्ठभाग थंड राहतो आणि एका फडक्यात पुसला जातो. तेथील वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचे कूळ तर थेट व्हिएन्नापर्यंत पोचते. मिखाएल थोनेट याने १८५९ साली बीच वृक्षाचे लाकूड वाफेने मऊ करून, साच्यात वाकवून जी चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली, ती लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांतून जोडली जाई, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. कॉफीगृहांसाठी हलकी, स्वस्त आणि दूरवर धाडता येईल अशी ही रचना असल्यामुळेच तिचे वंशज मुंबईच्या चहाच्या टेबलापर्यंत येऊ शकले.

त्या टेबलावर येणारे पदार्थही असेच प्रवासी आहेत. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि गोव्यात पाव भाजणारा पोदेर हाही त्याच भाषेचा वारसा सांगतो. इराण्याकडील ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. मस्का लावून चहात बुडवला की त्याचे कवच मऊ पडते, आणि दाट, कमी पाण्याच्या चहाबरोबर त्याची जोडी का जमली हे एका घासात उमगते. मावा केकमध्ये युरोपीय केकची पद्धत आणि इथला मावा व वेलची एकत्र येतात, तर ब्रिटानियाच्या बेरी पुलावात झेरेश्क नावाची इराणी, आंबट, वाळवलेली फळे असतात. मागे सोडलेल्या देशाची आठवण या फळांच्या आंबटपणात टिकून राहिली आहे. लंडनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या दिशूम या उपाहारगृहाने मुंबईच्या इराण्याचाच आदर्श पुढे ठेवला, तेव्हा या प्रवासाला आणखी एक मुक्काम मिळाला.

अभ्यासकाने प्रथम गरम पदार्थ गरम असतानाच खावा आणि मग टिपण करावे. छायाचित्रासाठी घास थंड होऊ देणे हा रांधणाऱ्याचा अवमान आहे. टेबलाची उंची, दोन टेबलांतील अंतर, उजेड येण्याची दिशा आणि गर्दीचा आवाज यांची नोंद मोजमापासह ठेवावी, आणि त्याच ठिकाणी सकाळी व संध्याकाळी दोनदा जावे, कारण वेळ बदलली की माणसे बदलतात आणि माणसांबरोबर जागाही बदलते. भटारखाना परवानगीवाचून पाहू नये; आचारी आणि वेटर यांच्याशी त्यांच्या सवडीने, आदराने बोलावे, कारण त्या जागेतील अडचणी आणि सोयी त्यांच्याइतक्या कोणालाही ठाऊक नसतात.

पुढे स्वतःच्या हातून एखादे खाद्यगृह घडेल, तेव्हा जुन्या खुर्च्या आणि आरसे यांची नुसती नक्कल मुळीच करू नये. परवडणाऱ्या दरातील एका कप चहासाठी निरनिराळ्या जातिधर्मांचे, पेशांचे लोक शेजारी शेजारी बसत आणि कोणी त्यांना उठवण्याची घाई करीत नसे, यात इराण्याचे मोठेपण होते. तेथील प्रत्येक वस्तू त्या मोकळेपणाच्या सेवेत होती. तो मोकळेपणा हरवला, तर उरते ती केवळ वस्तूंची रास. म्हणून चिरंजीव भाचीने प्रत्येक रचनेपाशी थांबून ती कोणासाठी आणि का केली गेली हे विचारावे, आणि आपल्या हातून उभ्या राहणाऱ्या जागेत एकट्याने आलेल्या, खिशात थोडेच पैसे असलेल्या माणसालाही संकोच न वाटता बसता येईल अशी एक खुर्ची नेहमी ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.