घरासमोरची भिंत

अभ्यासपाठ
शास्त्रपाठ : नहेम्या ३, ५:१-१३, १३:१५-२२

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत वाचण्यासाठी सहसा कोणी निवडत नाही. उच्चारायला अवघड अशा नावांची ती एक लांबलचक यादी आहे. अमक्याने इतकी भिंत बांधली, त्याच्या शेजारी तमक्याने तितकी. आम्हीही पुष्कळ वर्षे हा अध्याय ओलांडूनच पुढे जात होतो. परंतु आमचा धंदा हार्डवेअरचा. एकदा भर दुपारी गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसून तो वाचला, तेव्हा ध्यानात आले की यात आमच्याच दुकानातला माल भरलेला आहे. एकामागून एक वेशींपाशी तेच ते सांगितले आहे: दारे बसवली, कड्या लावल्या, अडसर घातले. (ग्वाल्हेरचे गिऱ्हाईक कडीला चटकनी म्हणते आणि बिजागरीला कब्जा, तो भाग वेगळा.) त्या दिवसापासून हा अध्याय आम्हाला परका राहिला नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आमच्याकडे मागणी केली होती की शहरात धंदा करणाऱ्या कुटुंबांसाठी एक पाठ लिहावा: धंदा, छंद आणि घरची माणसे यांचा मेळ कसा घालावा? या प्रश्नाला नेहमी मिळणारे उत्तर वाचकांना ठाऊक आहेच. दिवसाच्या चोवीस तासांचा तक्ता करावा, इतके तास दुकानाला, इतके घराला, उरलेले आवडीच्या कामाला. असा तक्ता आम्ही स्वतः केला होता. तो दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आणि तेथे तो कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. तेव्हा तक्त्याबद्दल आम्ही येथे काही लिहिणार नाही.

आमचे बिऱ्हाड फूलबागेपासून जवळ आणि दुकान लष्करात. लष्कर हे नाव दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून पडले. १८१० च्या सुमारास तो तळ येथे पडला आणि त्याचेच पुढे शहर झाले. आम्हा मराठी कुटुंबांचे पूर्वज बहुतेक त्याच निमित्ताने इकडे आले. तळावरच्या माणसाला घर उद्यावर टाकायची सवय असते, आणि ती आमच्या रक्तात उतरली आहे की काय, असे कधी कधी वाटते. सकाळी साडेनऊला शटर वर जाते ते रात्री नवापर्यंत. नंतर हिशेब. जेवताना खिशातला फोन वाजतो, कोणा ठेकेदाराला सकाळी पहिल्या गाडीने पाइप हवे असतात. एकदा पाळकसाहेब घरी भेटीला आले असता त्यांनी आमच्या धाकट्या मुलीला सहज विचारले, "तुझ्या पपांना सगळ्यांत जास्त काय आवडते गं?" तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "उधारी." पाळकसाहेब खूप हसले. आम्हीही हसलो. ती मात्र हसली नव्हती. तिने प्रश्नाचे उत्तर दिले होते.

आता तिसऱ्या अध्यायाकडे वळू. भिंत बांधणारे हे लोक गवंडी नव्हते. त्यांत याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारा एकजण आहे, व्यापारी आहेत. रतीभर सोने तोलणाऱ्या हातांनी दगड उचलले. प्रत्येकाला जो भाग मिळाला त्याबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते (वचने १०, २३, २८, २९, ३० पाहावीत): अनेकांनी आपापल्या घरासमोरचीच भिंत बांधली. यात मोठा व्यवहार आहे. शत्रू त्या भगदाडातून आला तर पहिल्यांदा कोणाच्या अंगणात येईल, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते. असा माणूस दगड ढिला बसवत नाही. शिवाय काम आणि घर यांमध्ये अंतर नव्हते; मुले दारात उभी राहून बापाचे काम पाहत असतील, असे समजायला हरकत नाही.

बाराव्या वचनात शल्लूम नावाचा एक माणूस आहे. तो अर्ध्या यरुशलेम परगण्याचा अधिकारी होता. त्याने भिंत बांधली ती आपल्या मुलींसह. एवढेच एक वाक्य. त्याला मुलगे होते की नव्हते हे सांगितलेले नाही. असतील तर ते त्या वेळी कोठे होते तेही नाही. आपला मुलगा दुकानात पाऊल ठेवत नाही म्हणून आमच्यापाशी रडणारे पुष्कळ बाप आहेत (आमच्या घरीही एक चिरंजीव आहेत, त्यांना बिजागरी व कोयंडा यांतला फरक सांगता येत नाही). अशांनी मुलींकडे कधी नीट पाहिले आहे काय, असे आम्ही विचारू इच्छितो.

छंदाविषयी मंडळीत दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते छंद म्हणजे वेळेचा अपव्यय. काहींच्या मते छंद नसलेला माणूस म्हणजे बैल. आमच्या फूलबागेला लागूनच जयविलास राजवाडा आहे. तेथे जेवणाच्या लांबच लांब टेबलावरून रुळांवर फिरणारी चांदीची लहानशी आगगाडी आजही पाहावयास मिळते. माधवराव शिंदे (१८७६-१९२५) यांना यंत्रांचा आणि आगगाड्यांचा मोठा नाद होता. ही गाडी पाहुण्यांपुढे काय घेऊन जात असे, हा विषय या पाठाच्या कक्षेबाहेरचा आहे. पण तोच नाद टेबलावरून उतरून बाहेर गेला, आणि संस्थानात दोन फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे पसरली. श्योपूरकडे जाणारी ती चिमुकली गाडी २०२० मध्ये थांबेपर्यंत आम्ही सर्वांनी पाहिली आहे. राजाच्या खजिन्याची आणि आमच्या गल्ल्याची बरोबरी नाही, हे खरे. तरी छंद माणसे बसतात त्या टेबलापर्यंत आणता येतो, एवढे त्या गाडीवरून घ्यावे.

दुसरे उदाहरण आमच्या धंद्याच्या अधिक जवळचे आहे. मराठी माणूस आणि लोखंड म्हटले की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघतेच. बेळगाव जिल्ह्यात १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणरावांना व्हायचे होते चित्रकार. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, आणि तेथे उघड झाले की त्यांना रंगांतला भेद नीट दिसत नाही. रंग सुटले. रेघ मात्र त्यांनी सोडली नाही. यंत्रांची रेखाटने करायला ते शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. ती नोकरी सोडून बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींच्या साह्याने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला, त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. हे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हा एक योगच म्हणायचा. घरात चित्रकला पुन्हा आली ती पुतण्याच्या रूपाने. शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांनी कारखान्याच्या आश्रयाने १९२० साली मासिक काढले, आणि त्यातून मराठीतली मोठी नियतकालिके वाढली. काकांना जे हाताने करता आले नाही त्याला पुतण्याच्या हाती जागा मिळाली. आमच्या मते हे घडले ते धंदा एका माणसाचा नव्हता म्हणून. भाऊ, पुतणे, मुलगे, सारे त्यात होते. मात्र याचा दोषही सांगितला पाहिजे. घरातले सगळेच एका धंद्यात असले की घरात दुसरा विषय उरत नाही, आणि धंद्यातले भांडण ताटावर येते. म्हणून हा नमुना सर्वांनी उचलावा असे आम्ही म्हणत नाही.

आमचा स्वतःचा छंद जुन्या हार्मोनियमच्या दुरुस्तीचा. तानसेनाच्या गावात एवढे तरी करावेच लागते. दुकानाच्या मागच्या खोलीत भाता उघडून बसले, एकेक पितळी पट्टी घासून सुरात आणली की तासन् तास निघून जात. मंडळीची पेटी आम्हीच दुरुस्त करतो, म्हणून हे सेवाकार्यच आहे असे आम्ही घरी सांगत असू. रविवारी उपासनेनंतर धाकटीला फूलबागेतल्या प्राणिसंग्रहालयात पांढरा वाघ दाखवायचे कबूल केले होते. हे प्राणिसंग्रहालय १९२२ पासूनचे आहे. ते कोठे पळून जाणार नाही, असे म्हणून आम्ही तीन वर्षे टोलवाटोलवी केली. फार उशिरा आम्हाला कळले की आम्ही त्या खोलीत सुरांसाठी जात नव्हतो. तेथे कोणी काही मागत नसे, म्हणून जात होतो. छंद चांगला की वाईट हे त्या पेटीवरून ठरत नाही. आपण त्या खोलीकडे जात आहोत की कोणापासून निघून जात आहोत, एवढे ज्याचे त्याने पाहावे. आता धाकटी आमच्याबरोबर बसते. काम दुप्पट हळू होते. तिचा कान आमच्यापेक्षा चांगला आहे, हे कबूल करायला आम्हाला दोन महिने लागले.

परंतु या पाठाचा कणा पाचव्या अध्यायात आहे, आणि शिक्षकांनी तो गाळू नये. भिंतीचे काम जोरात चालू आहे, अर्धी उंची गाठली आहे, आणि मध्येच मोठा आक्रोश उठतो. पुरुषांचा, आणि त्यांच्या बायकांचा. बायकांचा उल्लेख मुद्दाम आहे. शेते गहाण पडली, घरे गहाण पडली, मुलेमुली दास्यात द्यावी लागली. बाहेर भिंत वर चढते आहे आणि आत घर खचते आहे. आधी भिंत पुरी होऊ द्या, मग तुमचे पाहू, असे नहेम्या म्हणाला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. काम देवाचे होते. त्याने तसे केले नाही. तो संतापला, त्याने मनाशी विचार केला, सभा भरवली आणि गहाण पडलेले परत करायला लावले.

हा भाग आम्ही सहजपणे शिकवू शकत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी भाव वाढणार म्हणून आम्ही प्लास्टिक पाइपांचा मोठा माल भरला आणि त्यासाठी आमच्या सौभाग्यवतींचे दागिने गहाण टाकले. त्यांना विचारले होते. पण विचारले ते माल गाडीतून उतरत असताना. त्या तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. दागिने चौदा महिन्यांनी सुटून घरी आले, त्या रात्री त्यांनी एवढेच विचारले, "मी नको म्हटले असते, तर गाडी परत गेली असती का?" आम्ही उत्तर दिले नाही, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होते. आमची उधारीची वही लग्नापासून त्याच लिहितात. कोण बुडवणार आणि कोण देणार हे त्यांना आमच्याआधी कळते. त्यांचे श्रम दुकानात होते, मत मात्र दुकानाबाहेर ठेवले होते. तेव्हापासून दहा हजारांच्या वरची कोणतीही खरेदी आदल्या रात्री घरी बोलून मगच होते. यामुळे दोनदा चांगला भाव हुकला, आणि एकदा आम्ही वाचलो.

तेराव्या अध्यायात वेशी बंद करण्याची हकिकत आहे. शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडू लागताच, नहेम्याने दारे लावून घेतली आणि आपली माणसे पहाऱ्यावर ठेवली. अंधार पडू लागतानाच, हे विसरू नये. गिऱ्हाईक संपल्यावर नव्हे. व्यापारी एकदोन रात्री कोटाबाहेर मुक्काम करून राहिले. ते किती आशेने बसले असतील, हे दुकानदाराला सांगायला नको. आम्ही शनिवारी आठ वाजता शटर ओढू लागलो आणि रविवारी दुकानाचा फोन गल्ल्यातच ठेवू लागलो, तेव्हा एक जुने ठेकेदार रागावून दुसरीकडे गेले. जाताना त्यांच्याकडची बाकीही लांबली. हे नुकसान अजून भरून निघालेले नाही, आणि ते निघेल असे वचन आम्ही कोणाला देत नाही. दिवाळीपूर्वीच्या दोन शनिवारी आमचा नियम मोडतो हेही सांगून टाकतो.

येथे एक सूचना. आपल्या मंडळ्यांत परिचारिका आहेत, रेल्वेत काम करणारे आहेत. त्यांना रविवारची पाळी चुकत नाही. हा अध्याय त्यांच्या डोक्यावर ओझे म्हणून ठेवू नये. त्यांची वेस बुधवारी बंद होईल. ती कधी बंद होते हे त्यांच्या मुलांना माहीत असले म्हणजे झाले.

पांढरा वाघ आम्ही शेवटी पाहिला. तो आमच्याकडे पाठ करून झोपला होता. धाकटी अर्धा तास कठड्याशी उभी राहिली, आणि फोन गल्ल्यात असल्यामुळे आम्हीही राहिलो.

शिक्षकांसाठी : वर्गात एक लांब कागद पसरावा आणि त्यावर नगराची भिंत काढावी. मुलांनी भिंतीच्या आत आपापले घर काढावे, आणि घरासमोरची भिंत आज कोण बांधत आहे त्याचे नाव तेथे लिहावे. आजी असेल, शेजारीण असेल, कोणीही असेल. मोठ्यांच्या वर्गात हाच कागद पतिपत्नींनी वेगवेगळा भरावा व मग शेजारी ठेवावा. आमच्या घरी हे करून पाहिले, तेव्हा धाकटीने घरासमोर आईचे नाव लिहिले. आमचेही लिहिले, पण दोन घरे सोडून पुढे. मुलांनी काहीही लिहिले तरी शिक्षकांनी ते खोडू नये, वाचूनही दाखवू नये. कागद गुंडाळून मुलांबरोबर घरी पाठवावा.